जेलमधून सुटून आलेल्या पैलवानाला जत्रेच्या मैदानात परत घ्यावं का?

सीमेवरचा_गडी

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय, पूर्ण वाचा आणि मग बोला, नुसतं हेडिंग बघून शिव्या घालू नका.

आमचं गाव बेळगाव तालुक्यातलं, नाव सांगत नाही, ओळखणारे तसंही ओळखतील. दरवर्षी जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरतंय, खानापूर, निपाणी, चंदगड, कोल्हापूर सगळीकडनं पैलवान येतात, शेवटच्या जोडी लाखातल्या असतात. आमच्याच गावचा एक पैलवान, आता तिशी ओलांडलेला, कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेला. आनंदवाडीच्या आखाड्यात ह्याची कुस्ती लागली की आमचं अर्धं गाव टेम्पो करून जायचं. हौशी गडी नव्हे, कुस्तीवरच घर चालायचं, इनामाच्या पैशात बहिणीचं लग्न केलं, स्लॅब टाकला.

मग एका रात्री मैदान मारून परत येताना धाब्यावर गाडीच्या भाड्यावरनं भांडण झालं आणि ह्यानं ड्रायव्हरला उचलून आपटला. ड्रायव्हर शेजारच्याच गावचा, बारीक अंगाचा माणूस. डोक्याला मार लागला, दवाखान्यात नेलं खरं परत आणलाच नाही. मागं बायको आणि लहान मुलगी. केस खुनाची लागलेली, कोर्टात सदोष मनुष्यवध ठरला, पाच वर्षं शिक्षा झाली, हिंडलगा जेलात भोगली. आता सुटून गावात आलाय, पहाटे उठून एकटाच माळावर पळतो, कुणाशी फारसं बोलत नाही.

आता कमिटीसमोर दोन गोष्टी आल्यात. एक, यंदाच्या मैदानात ह्याची मोठी जोड लावायची, आणि काही पोरं म्हणायलेत की आधी फेटा बांधून सत्कारही करायचा, ‘आपला वाघ परत आला’ असा बॅनर छापायचा. दुसरी, आमची तालीम वस्ताद वारल्यापासून ओस पडलीय, तिथं ह्यालाच वस्ताद म्हणून बसवायचा, म्हणजे पोरं मोबाईल सोडून मातीत येतील.

त्यात आणि एक भानगड. मयत कानडी घरातला, पैलवान मराठी. दोन्ही गावांत आजवर भाषेवरनं कधी काही झालेलं नाही, एकमेकांच्या जत्रेला जेवायला जातो आम्ही, खरं असल्या गोष्टीला रंग द्यायला दोन्हीकडचे टपूनच असतात.

माझ्या डोक्यात हे घोळायलंय ते अमेरिकेतल्या मायकल विकवरनं. तिकडचा फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळतात तो, त्यातला मोठा स्टार. २००४ ला अटलांटाच्या टीमनं त्याच्याशी दहा वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करार केलेला. २००७ ला कुत्र्यांच्या झुंजी लावायच्या धंद्यात सापडला, हरलेली कुत्री मारून टाकायचे हे लोक. २३ महिन्यांची शिक्षा झाली, करार गेला, दिवाळं निघालं. २००९ ला बाहेर आला तर फिलाडेल्फियाच्या टीमनं घेतला, गेटवर लोक बोर्ड घेऊन उभे, तरी २०१० ला त्याला तिकडं ‘कमबॅक प्लेयर’ म्हणून निवडला आणि २०११ ला परत १० कोटी डॉलरचा करार! आणि २०२४ च्या डिसेंबरात नॉरफोक स्टेट युनिव्हर्सिटीनं त्याला हेड कोच केला. म्हणजे खेळाडू म्हणून पण परत आला आणि वस्ताद म्हणून पण.

तर आम्ही काय करावं? रविवारी मीटिंग आहे. दोन्ही बाजूचे मलाच विचारायलेत कारण वर्गणीची वही माझ्याकडं असते.

---

मातीतला_माणूस

ह्यात विचारायचं काय आहे मर्दा. कोर्टानं पाच वर्षं दिली, भोगून आला. विषय संपला. परत गावानं वेगळी शिक्षा देणार काय? कुस्ती सोडून त्याला दुसरं येतंय काय? जोड लावा आणि तगडी लावा. एवढी वर्षं आत काढून दम राहिलाय का बघू की.

---

क्रिकेटवेडा_टिळकवाडी

भावा, तुझा प्रश्न दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतोय असं मला वाटतं. खेळात राहून खेळालाच फसवणं वेगळं आणि खेळाच्या बाहेर गुन्हा करणं वेगळं.

मोहम्मद आमिर घे. २०१० ला लॉर्ड्सवर पैसे घेऊन ठरवून नो-बॉल टाकले, तेव्हा अवघा १८ वर्षांचा होता. कॅप्टन सलमान बटनं त्याला ह्यात ओढला. इंग्लंडच्या कोर्टानं २०११ ला बटला ३० महिने, आसिफला एक वर्ष आणि ह्याला सहा महिने दिले, वर पाच वर्षं बंदी. परत घ्यायची वेळ आली तेव्हा कॅम्पात त्याच्यासोबत राहायला अझहर अली आणि हफीझ तयार नव्हते, समजूत काढल्यावर आले. २०१६ ला न्यूझीलंडमध्ये हा बॉलिंगला आला आणि मैदानावरच्या अनाउन्सरनं स्पीकरवर गल्ला उघडल्याचा खणखणाट वाजवला, बोर्डाला माफी मागावी लागली. आणि मग २०१७ ची चॅम्पियन्स ट्रॉफी फायनल, ती आपण कोणी विसरलेलो नाही, रोहित, कोहली, धवन तिघंही ह्यानंच काढले, १६ रन देऊन ३ विकेट. मी त्या दिवशी टीव्ही बंद करून आरपीडी क्रॉसला चहा प्यायला गेलो होतो. शिव्या घातल्या खरं मनात म्हटलं पोरगं बॉलर आहे बाबा.

उलट श्रीशांत बघ. २०१३ ला स्पॉट फिक्सिंगमध्ये अटक, तिहारमध्ये राहिला, २०१५ ला कोर्टानं आरोपातनं मोकळा केला तरी बोर्डाची आजन्म बंदी तशीच. २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं शिक्षेचा परत विचार करा, मग ती सात वर्षं झाली, २०२० च्या सप्टेंबरात संपली. जानेवारी २०२१ ला केरळकडनं खेळला तेव्हा वय ३७. फास्ट बॉलरची सगळी उमेदीची वर्षं गेली. म्हणजे शिक्षा झालेला आमिर हीरो झाला आणि कोर्टानं सोडलेला श्रीशांत घरी बसला. वय आणि नशीब, दुसरं काय.

तुमच्या पैलवानानं कुस्तीत काही लबाडी केलेली नाही ना, नुराकुस्ती केली नाही, मग मैदानातनं त्याला कशावर बाहेर काढायचा? मी तरी खेळू दे म्हणेन. सत्कार नको, तो बॅनर वगैरे फालतूपणा.

---

शहापूरची_अक्का

सगळ्यांचं वाचलं. पैलवानाचं वय कळलं, इनाम कळलं, बहिणीचं लग्न कळलं, स्लॅब कळला. जो मेला त्याच्याबद्दल ‘बारीक अंगाचा ड्रायव्हर’ एवढंच. त्याच्या बायकोला कोणी विचारलंय का? ती आता काय करते, मुलगी शाळेत जाते का, घर कशावर चालतंय, कमिटीतल्या एकाला तरी माहीत आहे का?

सेकंड चान्स सेकंड चान्स म्हणता, तो देणारे तुम्ही कोण? तुमचं काय गेलंय? तुमची फक्त एक चांगली कुस्ती चुकली तेवढ्या वर्षांत.

आणि परदेशातल्या गोष्टी सांगायच्या तर सगळ्या सांगा. माईक टायसन १९९२ ला बलात्काराच्या केसमध्ये दोषी ठरला, सहा वर्षांची शिक्षा, तीन वर्षांत बाहेर. १९९५ च्या ऑगस्टमध्ये लास वेगासला पहिली फाइट, ८९ सेकंदांत संपली आणि त्याचे कोट्यवधी डॉलर मिळाले. लोकांनी तिकिटं काढून टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी त्यानं रिंगमध्ये होलीफील्डचा कान चावला, आणि १९९९ ला रस्त्यावर गाडी घासली म्हणून दोन माणसांना मारल्याबद्दल परत जेलात. बदललाय की नाही हे त्याचा दम बघून कळत नाही हो, ‘दम राहिलाय का बघू’ म्हणणाऱ्या भाऊंनी हे ध्यानात घ्यावं.

मी खेळू नको म्हणत नाही. पण त्या बाईच्या कानावर हलगी जाणार आहे जत्रेच्या दिवशी, दोन गावांत अंतर किती असतं आपल्याकडं? आधी तिला सांगा. मग बॅनर छापा नाहीतर काय करायचं ते करा.

---

निपाणीकर_नाना

अक्का बरोबर बोलल्या.

खरं एक सांगतो, आपल्या देशात ह्या प्रश्नाचं उत्तर आधीच दिलेलं आहे. नवज्योत सिद्धू. १९८८ ला पटियाळ्यात पार्किंगवरनं भांडण, म्हातारा माणूस मेला. तेव्हा हा क्रिकेटर. त्यानंतर वर्षानुवर्षं खेळला, सिक्स मारले, रिटायर झाला, कॉमेंट्री केली, खासदार झाला. २००६ ला हायकोर्टानं तीन वर्षांची शिक्षा सुनावली, राजीनामा दिला, सुप्रीम कोर्टातनं स्टे आणला, पोटनिवडणूक लढवून परत खासदार. मग टीव्हीवर हसला, मंत्री झाला. २०१८ ला शिक्षा काय तर हजार रुपये दंड. मयताच्या घरच्यांनी पाठ सोडली नाही म्हणून २०२२ ला एक वर्ष झालं आणि २०२३ च्या एप्रिलला बाहेर. म्हणजे ३४ वर्षं चान्सवर चान्स आणि शिक्षा सगळ्यात शेवटी. तुमचा गरीब पैलवान उलटा, आधी शिक्षा भोगून मग चान्स मागायलाय, त्याला म्हणावं आधी निवडणुकीला उभा राहा.

---

कोर्टकचेरी

नाना, निवडणुकीला तो लगेच उभा राहू शकत नाही. 😀 लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम ८ प्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सुटल्यानंतर आणखी सहा वर्षं अपात्र. आमदार व्हायला अशी स्पष्ट अट आहे. जत्रेत कुस्ती खेळायला अशी कुठलीही कायदेशीर अट नाही, तिथं कमिटीच सरकार.

कायद्याचं थोडं सांगतो कारण गावात ह्यावर फार गैरसमज असतात. खून आणि सदोष मनुष्यवध हे एकच नव्हे. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ भाग दोन, म्हणजे मारायचा हेतू नव्हता पण आपल्या कृतीनं माणूस मरू शकतो ह्याची जाणीव होती, त्याला जास्तीत जास्त दहा वर्षं. (आता १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत ते कलम १०५ मध्ये गेलंय.) तेव्हा त्याला ‘खुनी’ म्हणणारे चुकतात, आणि ‘अपघात झाला हो’ म्हणून सोडून देणारेही तितकेच चुकतात. जाणीव होती असं कोर्टानं धरलंय, तेवढं तरी कमिटीनं ध्यानात ठेवावं.

दंडाची रक्कम घातली असेल तर त्यातनं मयताच्या कुटुंबाला भरपाई द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं. निकालाची कॉपी काढून बघा, दिलेली असेल तर ती प्रत्यक्षात मिळाली का तेही विचारा. आमच्या अनुभवात कागदावर असते आणि कुणी फॉलोअप करत नाही.

आणि कोणीतरी सुशीलकुमारचं नाव काढायच्या आधीच सांगतो. दोन ऑलिम्पिक मेडलं, २००८ चं ब्राँझ आणि २०१२ चं सिल्व्हर, आणि २०२१ च्या मे महिन्यात छत्रसाल स्टेडियमवर एका तरुण पैलवानाला मारहाण, तो मेला, ह्या प्रकरणात अटक. २०२५ च्या मार्चमध्ये हायकोर्टानं जामीन दिला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला. जामीन मिळणं-जाणं म्हणजे निकाल नव्हे, तो आरोपी आहे, दोषी नव्हे. तुमच्या माणसाचा निकाल लागलाय आणि शिक्षा भोगून झालीय. ती तुलना करू नका.

---

जुनी_तालीम

मी म्हातारा माणूस, नातू टाईप करून देतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

सगळे कायदा बोलले, क्रिकेट बोलले. कुस्तीचं कोणी बोललं नाही. मी बोलतो.

हौदा काय असतो बघितलाय काय तुमच्यातल्या किती जणांनी? माती फूटभर उकरून काढलेली असते. त्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून पोरं ती पायानं तुडवतात, फावड्यानं वरखाली करतात. रोज पहाटे पहिलं काम तेच. आधी मारुतीला नमस्कार, मग माती उकरायची, मग लंगोट. का उकरायची? गड्याला उचलून टाकला तर तो उठून बसावा म्हणून. धाक मारली, कलाजंग मारला, समोरचा डोक्यावरनं गेला तरी माती त्याला झेलती. आम्ही पोराला उचलायला शिकवतो ते ह्या मातीच्या भरवशावर. धाब्यावर फरशी असते. जो गडी दहा-पंधरा वर्षं मातीत काढतो त्याला माती आणि फरशीतला फरक कळत नव्हता असं मला कोणी सांगू नका. दारू प्यायलेला असो, डोकं फिरलेलं असो, हाताला कळतंय ते.

म्हणून क्रिकेटवाले जे म्हणाले की त्यानं खेळाला काही फसवलं नाही, ते मला पटत नाही. त्यानं जे केलं ते कुस्तीनंच केलं. आमच्या वस्तादांनी आम्हाला पहिल्या दिवशी डाव शिकवला नव्हता. नाकातोंडावर मारायचं नाही, बोटं पिरगाळायची नाहीत, मान अडकली आणि गडी घुसमटला की तुझी कुस्ती जिंकत आलेली असली तरी सोडायचं, आणि तालमीच्या बाहेर कमी ताकदीच्या माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. शेवटचं मोडलं तर आमच्या वेळी तालीम बंद व्हायची. एका गड्याची झाली होती, बाजारात हमालाला कानाखाली मारली म्हणून. रडत आला तरी वस्ताद वर्षभर त्याला आत घेतले नाहीत. वर्षानं घेतले आणि सहा महिने नुसती माती उकरायला लावली, जोड नाही, लढत नाही. मग खेळवले. चांगला पैलवान झाला पुढं.

आता माझं म्हणणं. कुस्ती खेळू द्या. मैदानात दोन पंच असतात, हजार माणूस बघत असतंय, समोर त्याच्याच वजनाचा गडी असतोय. तिथं तो कोणाचं वाकडं करणार नाही. खरं फेटा नाही. फेटा जिंकला तर बांधा, सगळ्यांना बांधता तसा. सुटून आला म्हणून नाही.

आणि वस्ताद म्हणून आत्ताच बसवू नका. पहाटे अंधारात, आई-बाप घरी झोपलेले असताना दहा-बारा वर्षांची पोरं उघड्या अंगानं वस्तादाच्या हातात असतात. वस्ताद मान दाबतो, पोरगं ओरडतंय, अजून किती दाबायचं ते फक्त वस्तादाला माहीत. कधी चिडतोय, एखादी ठेवून पण देतो. राग आल्यावर हात कुठं थांबवायचा हेच तर वस्तादाचं काम आहे, आणि ह्याचा हात एकदा थांबलेला नाही. आधी ह्याला माती उकरू द्या, पोरांच्या आधी येऊन. वर्ष-दोन वर्षं बघा. अमेरिकेतला गडी २००९ ला सुटला आणि २०२४ ला कोच झाला म्हणता, मधी पंधरा वर्षं गेली की.

---

कॅम्पातला_फुटबॉलवाला

आजोबा, लाईक करायचं बटण एकदाच चालतं म्हणून इथं लिहितो, जबरदस्त.

मी जरा वेगळं सांगतो. इंग्लंडमध्ये चेड इव्हान्स म्हणून फॉरवर्ड होता, शेफील्ड युनायटेडचा. २०१२ ला बलात्काराच्या केसमध्ये पाच वर्षांची शिक्षा, २०१४ च्या ऑक्टोबरला बाहेर. क्लब त्याला नुसतं प्रॅक्टिसला घेणार म्हटल्यावर केवढा दंगा झाला. जेसिका एनिस-हिल म्हणजे ऑलिम्पिक गोल्डवाली, स्टेडियमच्या एका स्टँडला तिचं नाव होतं, ती म्हणाली ह्याला घेतला तर माझं नाव काढा. क्लबनं माघार घेतली. मग ओल्डहॅम म्हणून छोटा क्लब घ्यायला निघाला, स्पॉन्सर पळायला लागले, त्यांनीही सोडला. आणि २०१६ ला अपील कोर्टानं ती शिक्षाच रद्द केली, परत केस चालली, निर्दोष सुटला.

तुमच्याकडं तसं होणार असं म्हणत नाही, तुमच्या केसमध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पण मला ह्यातनं वाटतं ते असं की क्लबनं स्वतः काही ठरवलंच नव्हतं, जो जास्त ओरडेल तिकडं वळले. आधी घेतो म्हणाले मग नाही म्हणाले. विकच्या बाबतीत निदान लीगनं अटी घातल्या, टोनी डंगी म्हणून जुना कोच त्याच्यावर लक्ष ठेवायला नेमला, मग टप्प्याटप्प्यानं खेळायला परवानगी दिली. आणि कोर्टानं त्याच्याकडनं नऊ लाखांच्या वर डॉलर कुत्र्यांच्या सांभाळासाठी भरून घेतले. कुत्र्यांच्या!! आपण माणसाच्या पोरीबद्दल बोलायलोय.

तर अट घाला. इनामातला काही हिस्सा त्या मुलीच्या नावावर, दरवर्षी. आणि ते माईकवरनं जाहीर करू नका, नाहीतर त्यातही ह्याचीच वाहवा व्हायची.

---

मातीतला_माणूस

इनाम त्याचं, घामाचं. जबरदस्तीनं काढून घेणार काय? कोर्टानं सांगितलं तेवढं दिलं असेल तर बास की.

---

कॅम्पातला_फुटबॉलवाला

जबरदस्ती कोण म्हणतंय. मैदान कमिटीचं, जोड लावायची की नाही हे कमिटीच्या हातात. नको वाटलं तर दुसरीकडं खेळू दे, बेळगावात मैदानं काय कमी आहेत.

---

शहापूरची_अक्का

पैसे द्या म्हणायला सोपं असतं, ज्याच्या हातनं नवरा मेला त्याचे पैसे हातात घ्यायला तिला काय वाटेल त्याचा विचार करा. घेईल कदाचित, गरज असेल तर. नाही म्हटली तर ‘बघा, आम्ही देत होतो’ असं गावभर सांगत फिरू नका म्हणजे झालं.

जुन्या तालमीच्या आजोबांना नमस्कार.

---

सीमेवरचा_गडी

मंडळी, सगळ्यांचे आभार. दोन-तीन दिवस लिहायला जमलं नाही, इकडं पळापळ चाललेली.

आजोबांचं लिहिलेलं मी प्रिंट काढून कमिटीतल्या दोघा-तिघांना वाचायला दिलं, आणि गंमत म्हणजे त्यातलं फरशीचं वाचून आमच्या तालमीतले एक जुने गडी म्हणाले हे मी त्या वेळीच बोललो होतो, कोणी ऐकलं नाही. असो.

बॅनर रद्द झालाय. पोरं नाराज आहेत, होऊ देत. सत्कार पण नाही.

पैलवानाला मी स्वतः जाऊन भेटलो. वस्तादकीचं काढलं तर म्हणाला मी कुठं मागितलंय, तुम्हीच ठरवायलाय. म्हटलं नुसती माती उकरायला येशील काय, तर हसला, म्हणाला आत जेलात बाग उकरत होतो, इथं माती उकरतो. येतो म्हणालाय, बघू. कोर्टाच्या भरपाईचं विचारलं, त्यानं दंड भरलाय म्हणतो, पुढं कुणाला मिळाला ते त्याला माहीत नाही. निकालाची कॉपी काढायला सांगितलीय, वकीलसाहेब, लागलं तर तुम्हाला मेसेज करतो.

आणि शेजारच्या गावात आमच्यातले दोघं वडीलधारे आणि त्यांच्या गावचे एक मास्तर असे मिळून गेले होते. मास्तर कानडी शाळेतले, दोन्हीकडं मान आहे, त्यामुळं बोलणं नीट झालं. मयताचा मोठा भाऊ भेटला. चहा दिला. तो म्हणाला कुस्ती खेळायचा तर खेळू दे, त्याला अडवून माझा भाऊ येणार नाही, खरं दरवर्षी तुमची पैलवानांची मिरवणूक हलगी वाजवत आमच्या गल्लीवरनं जाते ती यंदा आणू नका. आमचा कोणाचा हा विषय डोक्यातच आला नव्हता! रस्ता बदलायचा ठरलाय, माळाच्या बाजूनं फिरवून न्यायची, अर्धा तास जास्त लागेल, हलगीवाल्याशी बोलून झालंय. पैशाचं काढलं तेव्हा तो हो पण म्हणाला नाही आणि नको पण म्हणाला नाही, बघू म्हणाला.

जोड रविवारी फायनल करणार. इनाम शेवटच्या कुस्तीचं नाही, मधल्या जोडीतलं.

---

शहापूरची_अक्का

मिरवणुकीचं चांगलं केलंत. पण भाऊ भेटला म्हणता. तिच्याशी कोण बोललं?

---

सीमेवरचा_गडी

अक्का, त्या घरातच होत्या, बाहेर आल्या नाहीत. गेलेले तिघंही पुरुष माणसं, आत जाऊन विचारायचं कसं? दीरच बोलला.

---

शहापूरची_अक्का

मग अजून विचारलेलंच नाही. दिरानं हो म्हटलं म्हणजे तिनं म्हटलं असं होत नाही, आणि पैशाचं तर दिराजवळ बोलूच नका. तुमच्या गावात बचत गटाच्या बायका असतील, त्यांचा त्या गावच्या गटाशी बँकेच्या कामातनं संबंध असतोच. त्यातल्या कानडी येणाऱ्या दोघी जाऊन येऊ देत, कमिटीचा निरोप म्हणून नाही, सहज. जोडीचा निर्णय त्यानंतर घ्या.

---

सीमेवरचा_गडी

होय, आमची वहिनीच गटाची सेक्रेटरी आहे, तिला कानडी चांगली येते. आज रात्री बोलतो. रविवारी मीटिंग होईल खरं ह्याची जोड सोडून बाकीच्या ठरवू, तेवढी एक जागा पत्रिकेत मोकळी ठेवायला प्रेसवाल्याला सांगतो. तो ओरडणार, त्याला गुरुवारपर्यंत मॅटर पाहिजे म्हणतोय.